तीन लहान, अठरा मोठ्या

"रुग्ण गोळ्या थुंकून टाकते," असं डॉक्टर सोहोनींनी अन्नपूर्णाबाईच्या केसपेपरवर लाल शाईनं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. अन्नपूर्णाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं मला विचारलं, "बशीरभाऊ, काय लिवलं?" मी सांगून टाकलं. काहीतरी थाप मारता आली असती, पण तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला डॉक्टरांचा राग आला होता.

साल १९६६. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका लहान सरकारी दवाखान्यात मी क्षयाच्या रोग्यांची थुंकी तपासायचो आणि त्यांना महिन्याच्या गोळ्या मोजून द्यायचो. लग्न ठरलं तेव्हा अब्बांनी माझ्या सासरच्यांना सांगितलं होतं की मुलगा सरकारात काचेचं काम करतो. ते अगदीच खोटं नव्हतं. काचेच्या पट्टीवर बेडका पसरायचा, त्यावर तांबडा रंग ओतायचा, खालून दिव्यानं तापवायचा, आम्लानं धुवायचा आणि मग निळा रंग द्यायचा. आम्लानं बाकी सगळं पांढरं होतं, क्षयाचा जंतू मात्र एकदा तांबडा झाला की तांबडाच राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्यात बारीक लाल काड्या दिसल्या की समजायचं, रोग आहे.

अन्नपूर्णाबाईच्या पट्टीवर पहिल्या महिन्यात काड्यांचा सडा पडला होता. दुसऱ्या महिन्यात त्या निम्म्या झाल्या. तिसऱ्यात शोधून शोधून दहा-बारा सापडल्या, तेव्हा मी तिच्या नवऱ्याला, हिंमतरावाला, माझ्या पैशानं चहा पाजला. चौथ्या महिन्यात त्या पुन्हा वाढल्या आणि सहाव्यात तर पहिल्यापेक्षा जास्त दिसल्या. डॉक्टरांच्या मते याचा अर्थ सरळ होता. बाईला बरं वाटलं आणि बाईनं औषध सोडलं.

औषधं आमच्याकडे दोनच होती, एक लहान गोळी आणि एक मोठी. इंजेक्शनांचा पुरवठा वर्षभर बंद होता. तिसरं, नवं औषध बुलढाण्याहून डब्यात बंद होऊन यायचं एका डब्यात एका रोग्याला पुरेल एवढंच, आणि असे डबे फार थोडे होते. ते मागवायचं तर डॉक्टरांना फॉर्मवर लिहून द्यावं लागे की रुग्णानं जुनी औषधं नियमित घेतली, तरी गुण आला नाही. गोळ्या थुंकणाऱ्यासाठी बुलढाण्याहून डबा येत नसे. म्हणजे लाल शाईची ती ओळ तशीच राहिली, तर अन्नपूर्णाबाई वर्षभरात जाणार, हे डॉक्टरांना माहीत होतं आणि मलाही. मी सांगितल्यावर तिलाही कळलं.

डॉक्टर सोहोनी वाईट माणूस नव्हता, हेही सांगायला हवं. पुण्याहून आलेले. आमची भाषा ऐकली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, पण रोगी तपासताना ते कधी घड्याळाकडे पाहत नसत. त्यांचा संशयही उगाच नव्हता. ती मोठी गोळी खाणं म्हणजे शिक्षाच होती. चवीला घाण, पोटात ढवळून आणणारी, आणि दिवसाला अठरा खायच्या. दवाखान्यामागच्या कडुनिंबाखाली शिपाई दयारामला आठवड्याला मूठभर गोळ्या सापडायच्या. काही तर अर्धवट चोखलेल्या असत.

पण अन्नपूर्णाबाई निंबाखालची नव्हती. चोविशीची, काटकुळी, बोलायला फटकळ. ती डॉक्टरांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि हलेना.

"साहेब, म्या एकबी गोळी थुकली नाही."

"मग जंतू वाढले कसे?"

"ते तुमी शिकले, तुमी सांगा. म्या नाही थुकत. थुकत असतील तर तुमचे जंतूच थुकत असतील."

व्हरांड्यातली रांग हसली, डॉक्टर हसले, मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. पंचवीस वर्षांनी नागपूरला एका प्रशिक्षणात मी मागच्या बाकावर बसलो होतो. शिकवणाऱ्या तरुण बाईंनी फळ्यावर एक जंतू काढला आणि त्याच्या कातडीत ठिकठिकाणी बारीक नळ्या काढल्या. म्हणाल्या, हे पंप. औषध आत शिरलं की काही जंतू ते यातून बाहेर फेकतात. विष असो की औषध, त्यांना सारखंच. मला आमच्याकडच्या विहिरीवरचं इंजिन डोळ्यापुढे आलं. पाणी थोडं थोडं झिरपत असलं की इंजिन विहीर कोरडी ठेवतं, एकदम लोंढा आला की हरतं. बाईही तेच सांगत होत्या. औषध थोडं थोडं द्याल तर ज्याचा पंप जोरदार तोच जगेल आणि पुढे त्याचीच पिलावळ वाढेल. जंतूकडे आणखीही युक्त्या असतात, असं त्या पुढे सांगू लागल्या, पण माझं लक्ष उडालं होतं. मी मनातल्या मनात अन्नपूर्णाबाईची माफी मागत होतो.

१९६६ साली आमच्या पुस्तकात मात्र एवढंच होतं की जंतू औषधाला सरावतात, आणि तेही अर्ध्या पानात.

तर मला राग आला होता. मी ठरवलं की बाई खरी आहे हे डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचं. त्याला एक सोपी परीक्षा होती. मोठी गोळी पोटात गेलेली असेल तर लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकल्याबरोबर जांभळट तांबडा रंग येतो. गोळी नसेल तर येत नाही. मी न कळवता सायकल काढून तीन कोसांवरच्या तिच्या गावी गेलो. मुद्दाम पोळ्याचा दिवस धरला, कारण सणाला औषधालाही सुट्टी देणं ही आपल्या लोकांची रीत. ती पुरणाच्या कामातून उठून आली. मी काम सांगितल्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला सायकल घेऊन पळावंसं वाटलं. थोड्या वेळानं तिच्या मधल्या जावेनं, सत्यभामानं, पदराआड धरून बाटली आणून दिली. आतून अन्नपूर्णाबाईचा आवाज आला, "त्याच्यावर माहं नाव लिवा बशीरभाऊ, नाहीतर साहेब म्हणतील बकरीचं हाय."

रंग आला. पंधरा दिवसांनी भर दुपारी पुन्हा गेलो, तेव्हाही आला. दोन्ही नळ्या मी डॉक्टरांपुढे ठेवल्या आणि जरा छाती काढूनच उभा राहिलो.

डॉक्टरांनी नळ्या उजेडात धरल्या. "गोळी पोटात गेली, हे सिद्ध झालं," ते म्हणाले. "किती गेल्या, ते हा रंग सांगतो का, बशीर?"

नाही सांगत. एक गेली तरी रंग येतो आणि अठरा गेल्या तरी येतो. मी नळ्या उचलल्या आणि धुवायला गेलो.

पुढच्या तारखेला ती आली तेव्हा डॉक्टरांनी तिलाही तेच समजावलं. आवाज चढवला नाही, नीट समजावलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंग तुमच्यासमोर खाते. रोज. तुमच्या डोळ्यानं मोजा अन् माह्या तोंडात टॉर्च मारून पाहा."

"किती दिवस?"

"तुमचं मन भरंस्तोवर."

त्याच आठवड्यात ती दवाखान्याच्या गावातल्या मावसबहिणीकडे, रुखमाबाईकडे राहायला आली. रुखमाबाईनं तिला मागच्या छपरीत बाज टाकून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला डॉक्टरांनी खुर्ची व्हरांड्यात ओढली. मी एनॅमलच्या ताटलीत गोळ्या मोजल्या, तीन लहान आणि अठरा मोठ्या, आणि ताटली तिच्यापुढे ठेवली. रांगेतली माणसं माना उंचावून पाहू लागली.

अन्नपूर्णाबाई ताटलीकडे बघतच राहिली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आता बघ, असं त्या नजरेत होतं.

"ह्या साऱ्या?" तिनं विचारलं.

"सगळ्या," डॉक्टर म्हणाले.

"माह्या एकटीच्या?"

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.  मी खाली बसलो आणि विचारलं, "बाई, घरी किती खात होत्या?"

"येक लहान अन् साहा मोठ्या. आत्याबाई हातावर ठेवत तेवढ्या."

"अन् बाकीच्या?"

"येक वाटा सत्यभामेचा, येक शालूचा." तिला माझा प्रश्नच कळत नव्हता. "आमच्या घरी कोणती गोष्ट एकीलेच भेटते?"

घरात तीन सुना होत्या. अन्नपूर्णा थोरली, सत्यभामा मधली, शालू धाकटी. सासू सरस्वतीबाई, सुनांच्या आत्याबाई. त्या घराची ख्याती अशी की जत्रेतून एक खारीक आली तरी तिचे तीन तुकडे व्हायचे. तिघींची लुगडी एकाच ताग्यातली असत. हिंमतराव महिन्याची पिशवी न्यायचा आणि आईच्या हाती द्यायचा. आई रोज सकाळी तिघींना समोर बसवायची आणि वाटायची. तीन सुना, तीन लहान गोळ्या. अठरा मोठ्या, प्रत्येकीला सहा. सरकारनं जणू त्या घराकडे पाहूनच डोस ठरवला होता. सत्यभामाला त्या गोळ्यांनी मळमळायला लागलं, तेव्हा तर घरात बारशाच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या.

दर महिन्याला पिशवी देताना मी हिंमतरावाला बजावायचो, रोज तीन लहान, अठरा मोठ्या, एक दिवस चुकवायचा नाही. त्यांनी एक दिवसही चुकवला नव्हता. त्या एकीनंच खायच्या असतात, हे सांगायचं मला कधी सुचलं नाही. ही चूक माझी आहे आणि मी ती कोणावर ढकलत नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.  "सहा महिने, तिसरा हिस्सा," ते स्वतःशीच बोलले. मग तिला म्हणाले, "खा."

तिनं खाल्ल्या. एकवीसच्या एकवीस. शेवटच्या सहा गिळताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उलटी वर येऊ नये म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं गुडघ्यावर बुक्क्या मारत बसली. पाव तासानं बोळा काढून डॉक्टरांना आ करून दाखवला.

दोन महिने हे चाललं. सोमवारी, रविवारी, एकादशीला, कशालाच खाडा नव्हता. पहिले काही दिवस लोक मजा बघायला यायचे. मग मजा संपली आणि बायका नुसत्या येऊन तिच्याजवळ बसायला लागल्या. निंबाखाली गोळ्या सापडणं बंद झालं, असं दयाराम म्हणाला. डॉक्टरही एक दिवस चुकले नाहीत. एकदा त्यांना यायला दहा मिनिटं उशीर झाला, तर ही ताटली मांडीवर घेऊन वाट पाहत बसलेली. "साहेब, तुमीच गोळ्या चुकवून राह्यले आता," ती म्हणाली. डॉक्टर ओशाळून खुर्चीवर बसले.

मला वाटत होतं, ती जिंकणार. एवढा पुरा डोस, एवढी जिद्द, जंतूला शरम वाटायला हवी होती. साठाव्या दिवशी मी पट्टी केली. निळ्यात लालच लाल. मी दुसरी केली, तिसरी केली. बाटलीतला रंग जुना झाला असेल म्हणून नवा काढला. काड्या गेल्या नाहीत. तिचा बेडका आम्ही व्हरांड्यातल्या पहिल्या दिवशीच नागपूरला पाठवला होता. त्याच आठवड्यात तिकडचा कागद आला. तिच्या अंगातल्या जंतूंवर लहान गोळीचा परिणाम होत नव्हता आणि मोठीचाही नव्हता. सहा महिने आम्ही त्यांना चमच्या-चमच्यानं विष पाजून तयार केलं होतं.

डॉक्टरांनी फॉर्म काढला. पेन एका ओळीवर अडलं. "रुग्णाने औषध नियमित घेतले होते काय?"

"गेले दोन महिने हो," ते म्हणाले. "त्याआधीचे सहा महिने मी हो कसं लिहू? मी खोटं लिहीत नाही, बशीर."

"काय लिवलं हाय तिथं?" अन्नपूर्णाबाईनं विचारलं. मी वाचून दाखवलं.

ती टेबलाच्या काठाला धरून उभी होती. आता तिला उभं राहायलाही दम लागत होता. "साहेब, जेवढं हातावर पडलं तेवढं म्या रोज गिळलं. सणावाराले गिळलं, उपासाले गिळलं. येक दिवस चुकला नाही. नियम म्हंजे अजून काय असते?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग फॉर्मकडे. त्यांनी "होय" लिहिलं. केसपेपर ओढून लाल ओळीवर आडवी काट मारली आणि तिच्याखाली सही केली. अशी सही करायला कोणी सांगितलेलं नव्हतं.

डबा यायला पंधरा दिवस लागणार होते. तेवढ्यात घरातल्या सगळ्यांची थुंकी तपासून घे, असं डॉक्टरांनी मला सांगितलं. मी पुन्हा सायकल काढली. खरं तर मला त्या म्हातारीशी भांडायचं होतं. रस्ताभर मी वाक्यं जुळवत गेलो.

सरस्वतीबाईनं मला ओट्यावर बसवलं आणि गुळाचा चहा दिला. मी सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं,

"बशीर, म्या तिच्या वाट्यातलं काही काढून ठेवलं काय?"

"नाही मावशी."

"येकीले सात अन् येकीले पाच, असं केलं काय?"

"नाही."

"मही सासू तसं करे. जावेच्या ताटात तूप राहे अन् मह्या ताटात ताक. मही पहिली पोरगी अंगावर दूध नव्हतं म्हणून गेली. किल्ल्या हाती आल्या त्या दिवशी म्या बालाजीची आण घेतली, या घरात वाट्यात फरक नाही होणार. तीस वर्सं नाही होऊ दिला." तिनं माझ्या कपात आणखी चहा ओतला. "एवढ्या गोळ्या येकीले अन् दोघी कोरड्या, मह्या हातून कसं होईल रे बाप्पा?"

जुळवून आणलेलं एकही वाक्य मी वापरलं नाही. मी एवढंच म्हणालो की क्षयाचा जंतू वाटणी ओळखत नाही. त्याला थोडं दिलं की तो मरत नाही, शहाणा होतो.

"म्हंजे म्याच मारली तिले."

"अजून मेली नाही," मी म्हणालो, जरा जोरातच. "अन् मरणारबी नाही. घरातल्या सगळ्यांना बोलवा. बेडका पाहिजे."

सरस्वतीबाईचा साफ निघाला. सत्यभामाचा आणि पुरुषांचा साफ निघाला. शालूच्या पट्टीवर मला लाल काड्या सापडल्या. शालू एकोणीस वर्षांची होती. तिला महिनाभर खोकला होता आणि तो चुलीच्या धुराचा आहे असं सगळे समजत होते. डॉक्टर म्हणाले, एका घरातला जंतू, तो तोच असणार. जुन्या गोळ्यांचा तिला काही उपयोग नाही. त्यांनी त्याच दिवशी दुसऱ्या डब्याची मागणी केली.

पहिला डबा आला त्याच टपालात उत्तर आलं. औषध अपुरं असल्यानं एका कुटुंबाला एकच डबा मिळेल.

मी ते वाचून दाखवलं तेव्हा तिघी दवाखान्यात होत्या. अन्नपूर्णाबाई बाकावर, शालू तिच्या शेजारी, सरस्वतीबाई खाली जमिनीवर. डॉक्टरांनी डबा फोडून पहिल्या दिवसाच्या चार कॅप्सूल काढल्या आणि, कोण जाणे का, म्हातारीच्या हातावर ठेवल्या. तिनं दोन उजव्या तळहातावर घेतल्या, दोन डाव्या. तिनं ठरवून केलं नसावं. तीस वर्षांचे हात होते ते. दोन्ही हात तिनं दोघींपुढे धरले.

अन्नपूर्णाबाईनं दोन्ही हातांवरच्या चारही कॅप्सूल उचलल्या, तोंडात टाकल्या आणि वरून तांब्याभर पाणी प्यायली.

 म्हातारीचे हात तसेच पुढे राहिले. "अन् शालू?" ती म्हणाली.

"शालूले तिचा सगळा डबा पाह्यजे, आत्याबाई. माहा अर्धा नाही. अर्ध्यानं ते मरत नाहीत, आपुनच मरू." तिनं शालूचा हात धरला. "बशीरभाऊ, बुलढाण्याची गाडी किती वाजता हाय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं बुलढाण्याला गेलो. मी रजा टाकली नव्हती, डॉक्टरांनी मला पाहिलं नाही असं केलं. शालूची पट्टी मी कापसात गुंडाळून खिशात घेतली होती. तिथले साहेब भले होते. त्यांनी पट्टी पाहिली, कागद पाहिले आणि उठून कपाट उघडून दाखवलं. आत सहा डबे होते. टेबलावर मागणीचे सतरा कागद होते.

"तुम्हाला दोन दिले, तर ज्यांना एकही मिळणार नाही त्यांना मी काय सांगू? एका घराला एक, असं ठरवलंय."

अन्नपूर्णाबाई तोंड उघडणार, तेवढ्यात सरस्वतीबाईनं तिला हातानं थांबवलं. त्या खोलीत ते बोलणं सगळ्यात जास्त तिलाच कळलं होतं. "खरं हाय तुमचं," ती म्हणाली. "वाटा सारखाच पाह्यजे." ती सहा डब्यांकडे पाहत होती. कपाट उघडंच होतं. मग तिनं विचारलं, "एका घराले येक, असंच ना साहेब?"

"हो."

"मंग लिवा. आजपासून आमची दोन घरं. मह्या धाकट्या लेकाची चूल वायली."

मला वाटलं, माझ्या कानांचाच काही घोटाळा झाला. चार पिढ्या त्या घराची चूल फुटली नव्हती. आसपासच्या गावांत सोयरीक जमवताना लोक त्या घराचं नाव काढत. शालू रडायला लागली. "मले घरातून काढून राह्यले का, आत्याबाई?" म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिचं तिलाच जमलं नसतं, असं मला वाटतं.

"मावशी, असं कागदावर घर फोडून चालत नाही," साहेब म्हणाले. "सरपंचाचा दाखला लागेल."

"कागदावर नाही फोडत. घरी जाऊन फोडते. दाखला परवा आणते. तवर येक डबा बाजूले ठेवा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग सतरा कागदांकडे, आणि एक डबा काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. तो डबा दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचा होता. मला ते माहीत आहे. तिलाही माहीत होतं, कारण परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली आणि हळूच म्हणाली, "त्या दुसऱ्या मायलेबी सुना असतीन." जन्मात पहिल्यांदा तिनं आपल्या वाट्यापेक्षा जास्त उचललं होतं आणि ते परत करायचा तिचा इरादा नव्हता.

घरी पोचल्याबरोबर तिनं पडवीत माती कालवली आणि स्वतःच्या हातानं दुसरी चूल घातली. धाकट्याची भांडी, धाकट्याचं धान्य, धाकट्याची चार एकर, सगळं वेगळं काढलं. मुलांनी आरडाओरडा केला. ती चूल लिंपत राहिली. दुसऱ्या दिवशी सरपंच पंजाबराव आले ते हबकूनच. "सरस्वतीबाई, तुमचं घर?" त्यांनी विचारलं. "लिवा," ती म्हणाली, आणि दाखल्यावर अंगठा केला.

अन्नपूर्णाबाईची पट्टी नव्या औषधाच्या आठव्या महिन्यात नुसती निळी दिसली. शालूला अकरा महिने लागले. दोघी जगल्या, दोघींना पुढे मुलं झाली. मी त्या दोन पट्ट्या पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि शेवटी डॉक्टर सोहोनींना बोलावून दाखवल्या. ते बराच वेळ सूक्ष्मदर्शकावर वाकून होते.

चुली मात्र पुन्हा एक झाल्या नाहीत. वेगळं शिजलं की वेगळं राहणं अंगवळणी पडतं. भावाभावांत बांधावरून धुसफुस सुरू झाली आणि एका दिवाळीला तर दोन्ही घरची माणसं एकमेकांकडे गेली नाहीत. गावात लोक म्हणायचे, म्हातारीनं उतारवयात घर फोडलं. मी एक-दोघांना खरं काय ते सांगायला गेलो, तर तिनं मला बोलावून घेतलं. "तू काऊन सांगत फिरतो? क्षयाचं नाव निघालं तर मह्या नातींचे लग्न होतीन का?" म्हणून मग मीही गप्प राहिलो, ती असेपर्यंत.

ती पुढं चौदा वर्षं जगली. सकाळी एका चुलीवर जेवायची, संध्याकाळी दुसऱ्या. कोणी पारावर, कोणी लग्नात तिला मुद्दाम टोचायचं, "काय सरस्वतीबाई, एवढं घर अन् तुमीच फोडलं म्हंता?"

ती मान ताठ ठेवून म्हणायची, "हाव. म्याच फोडलं."